विणकाम येतं, आता कातणं आणि रंगवणं शिकायचंय: सुरुवात कुठून करावी?

ताई, तुमचा प्रश्न वाचला. पंधरा वर्षं सुयांवर विणताय, स्वेटर, मोजे, बाळाची टोपडी सगळं हातचं झालंय, आता स्वतः कातलेल्या आणि स्वतः रंगवलेल्या लोकरीचा एक स्वेटर करायचाय, तर पेटी चरखा घ्यावा का, लोकर कुठली आणावी, आणि घरी रंग टिकतो का, कारण तुम्ही एक गुंडा हळदीत रंगवला होता आणि तो दोन धुण्यांत नि उन्हात पार उडाला. मी वीसेक वर्षं कातते आणि रंगवते, शिकवतेही, त्यामुळे जरा सविस्तर लिहिते, सवडीने वाचा.

पहिली गोष्ट, दोन्ही एकदम शिकू नका. कातणं पांढऱ्या लोकरीवर शिका आणि रंगवणं दुकानातून आणलेल्या पांढऱ्या लोकरीच्या लडीवर शिका, दोन्ही शेजारी शेजारी चालू देत पण एकमेकांत मिसळू नका. आपण महिनाभर खपून कातलेली पहिली लड थेट रंगाच्या पातेल्यात टाकतो, ती आटून तिचा नमदा, म्हणजे तंतू एकमेकांत अडकलेला घट्ट गठ्ठा होतो, आणि मग पुढचं वर्षभर टकळीला हात लावावासा वाटत नाही. मी असं होताना बऱ्याच जणींचं बघितलंय आणि माझंही झालं होतं. दुसरी गोष्ट, तुम्हाला विणता येतं ही केवढी मोठी शिदोरी आहे हे तुम्हाला कदाचित जाणवत नसेल. ज्यांना विणता येत नाही त्यांना चांगला धागा कसा लागतो तेच माहीत नसतं, तुमच्या बोटांना ते माहीत आहे. म्हणून कातण्याच्या प्रत्येक टप्प्यावर सुया जवळ ठेवा, दहा ग्रॅम कातलं की वीस टाके घालून चार इंच विणायचं, धुवायचं, वाळवायचं आणि मगच ठरवायचं की धागा बरा झाला का. टकळीवर गुंडाळलेला धागा बघून काही कळत नाही, सगळे धागे तिथे सुंदरच दिसतात.

आता चरख्याचं. गांधीजींनी येरवड्याच्या तुरुंगात असताना ज्याच्यावर एवढं काम केलं तो घडीचा पेटी चरखा फार सुंदर वस्तू आहे, पण तो कापसासाठी आहे. कापसाचा तंतू असतो इंच-सव्वा इंचाचा, त्याला भरपूर पीळ लागतो नाहीतर धागा सुटून येतो, म्हणून त्या चरख्यात मोठ्या चाकाच्या एका फेऱ्यात चाती, म्हणजे धाग्याला पीळ देणारी सळई, कित्येक डझन वेळा फिरते. तुम्हाला हवाय विणकामाचा जाड, मऊ, कमी पिळाचा लोकरीचा धागा, तो त्यावर घ्यायला गेलात तर धागा आधी दोरीसारखा कडक होईल आणि मग स्वतःभोवतीच गाठी मारत बसेल. शाळेतली पितळी टकळीही तशीच, लहान, हलकी, वाटीत टेकवून फिरवायची, सुताला उत्तम, लोकर शिकायला नाही. पायाने चालवायची लोकरीची चाकं असतात पण ती महाग आणि बहुतेक बाहेरून मागवावी लागतात, सहा महिने टकळीवर कातूनही हौस टिकली तर घ्या.

तुम्हाला हवी ती हवेत लटकती टकळी, हल्ली सगळ्या ड्रॉप स्पिंडलच म्हणतात, वरच्या बाजूला चकती आणि हुक असलेली, वजन पस्तीस ते चाळीस ग्रॅम. घरीही होते. फूटभर लांब पेन्सिलीएवढी गोल काठी, दोन जुन्या सीडी, काठीवर त्या घट्ट बसाव्यात म्हणून नळाचं रबरी वायसर आणि टोकाला छोटा स्क्रूवाला हुक. माझ्याकडच्या निम्म्या विद्यार्थिनी यावरच शिकल्या. फक्त हुक बरोब्बर मधोमध बसला पाहिजे, नाहीतर टकळी डुगडुगते आणि लवकर थांबते.

लोकरीचं बोलायचं तर सुरुवातीला मेरिनो घेऊ नका, कितीही मऊ लागली तरी. ती बारीक असते, निसटते, जास्त हाताळली की गुठळ्या होतात. मध्यम जाडीची, तीन-चार इंच तंतूची लोकर घ्या, राजस्थानातली चोकला किंवा हिमाचलातली गद्दी मेंढीची मिळाली तर छान. पिंजून, विंचरून लांब पट्ट्या केलेली मिळते तीच घ्या, दोनशे ग्रॅम पुरे. विकणाऱ्याला तंतूची लांबी विचारा, सांगता येत नसेल तर एक झुपका मागा आणि दोन्ही टोकं धरून हलकेच ओढून बघा.

आणि आपली दख्खनी मेंढी? हा प्रश्न तुम्ही विचारला नाहीये पण विचाराल, म्हणून आत्ताच लिहिते. सातारा, सांगली, सोलापूर, नगर या दुष्काळी पट्ट्यातली ही मेंढी, लोकर बहुतेक काळी नाहीतर करडी, जाड, राकट, वर्षातून दोनदा कातरतात. तिचीच घोंगडी होते, ताण्याला चिंचोक्याची खळ देऊन, सणगर विणकरांच्या मागावर. आता घोंगडीला गिऱ्हाईक राहिलं नाही, धनगरांना लोकर विकून पैसे मिळायच्या ऐवजी कातरणीलाच पैसे मोजावे लागतात, आणि ढिगाने लोकर तशीच फेकली जाते, हे बघताना खरंच पोटात तुटतं. पण गळ्याशी येणाऱ्या स्वेटरला ती टोचते हेही खरं, उगाच खोटं कशाला सांगू. पिशव्या, आसनं, जाड जॅकेट, घरातल्या सपाता यांना ती झकास. आणि एक अपवाद आहे, जावळाची लोकर, म्हणजे कोकराची पहिल्यांदा कातरलेली. ती बरीच मऊ असते, जुन्या लोकांकडे जावळाच्या घोंगडीला वेगळा मान असायचा तो उगाच नाही. ओळखीतून किलोभर मिळाली तर सोडू नका. तेलकटपणा कमी असतो पण माती आणि कुसळं भरपूर, आधी कोरडीच झटकून, वेचून घ्या, मग हाताला चटका बसेल इतक्या गरम पाण्यात भांड्याचं लिक्विड घालून ती फक्त बुडवून ठेवायची, चोळायची नाही, हलवायची नाही, तीन-चार पाणी बदलायचे, दरवेळी आधीच्याइतकंच गरम.

मी कातायला शिकले ती म्हसवडकडच्या एका वस्तीवर, तिथल्या एका आज्जींकडे. त्या टकळी मांडीवर घासून सोडायच्या, आणि तिच्याकडे एकदाही बघायच्या नाहीत, बोलणं चालू, नजर शेळ्यांकडे. मी आपली सगळा जीव एकवटून झुपका आवळून धरलेला. त्यांनी माझ्या अंगठ्यावर टिचकी मारली आणि म्हणाल्या, हात ढिला सोड. बस एवढंच शिकवलं आणि तेच खरं होतं. आवळून धरलं की तंतू एकमेकांवरून सरकत नाहीत, मग आपण जोर लावतो, मग धागा तुटतो.

तरी मांडीवर घासून लगेच जमणार नाही, तुम्ही थांबून कातायला शिका. टकळीला हातभर तयार लोकरीचा धागा बांधा, टोकाला त्याचा फास करा, त्यातून पट्टीचा बारीकसा पदर ओवून दुमडून घ्या. आता टकळी फिरवा, पीळ भरू दे, आणि ती दोन गुडघ्यांत पकडून थांबवा. डाव्या हाताच्या चिमटीने पीळ अडवायचा, उजव्या हाताने झुपका मागे धरून हळूच ओढायचा, तंतू सरकत सरकत पट्टी बारीक होते, तेवढी झाली की चिमूट वर सरकवायची आणि पीळ त्या बारीक झालेल्या भागात चढताना बघायचा. अक्षरशः दिसतो चढताना, फुललेली लोकर एकदम गोल होते, दोरा होते. दोन हातांत अंतर तंतूच्या लांबीपेक्षा जास्त पाहिजे, हे सगळ्यात महत्त्वाचं, कारण एकच तंतू दोन्ही हातांनी धरला असेल तर तो सरकणार कसा. नवशिक्यांचे दहातले आठ प्रॉब्लेम इथेच सुटतात. पीळ कधीही झुपक्यात शिरू देऊ नका, शिरला तर टकळी उलटी फिरवून सोडवा, ओढाताण नको. रोज वीस मिनिटं, आठ-दहा दिवसांत गुडघे सुटतात आणि टकळी हवेत फिरायला लागते.

पहिला धागा गाठाळ, कुठे सुतळी कुठे दोरा असाच होणार. तो जपून ठेवा, पुढे हात बसला की मुद्दाम तसा काढायचा म्हटलं तरी निघत नाही, आणि जाडाभरडा धागा टोपीच्या काठाला फार छान दिसतो.

आता विणणारीच्या दृष्टीने सगळ्यात मोठा मुद्दा, पीळ आणि पदर. एकेरी धागा नुसताच विणलात, एक ओळ सुलट एक ओळ उलट असा साधा, तर सगळं कापड एका बाजूला तिरकं जातं, चौकोनाचा पतंग होतो. तुमच्या सुया चुकलेल्या नसतात, धाग्यातला एकाच दिशेचा पीळ कापडाला ओढत असतो. म्हणून कातताना टकळी घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरवायची आणि मग दोन किंवा तीन असे पदर एकत्र घेऊन उलट्या दिशेने पीळ द्यायचा, दोन्ही पीळ एकमेकांना तोलतात आणि धागा शांत होतो. किती उलट पीळ द्यायचा ते कळायला सोपी खूण आहे, ताजा कातलेला वीतभर धागा ढिला सोडा, तो आपोआप स्वतःवर गुंडाळतो, तसा दिसणारा धागाच तुमचा दुपदरी धागा. त्याचा एक तुकडा पुठ्ठ्यावर चिकटवून टकळीला बांधून ठेवा आणि दर थोड्या वेळाने नवीन धागा त्याच्याशी ताडून बघा, नाहीतर सोमवारचं कातलेलं आणि शुक्रवारचं कातलेलं दोन वेगळ्या बायकांनी कातल्यासारखं होतं, मूड बदलला की हात बदलतो. स्वेटरसाठी माझी पसंती तीन पदरीला, तो गोल भरतो, टाके भरीव दिसतात, गोळे कमी येतात. जाळीदार शालीला दोन पदरी, भोकं मोकळी राहतात. कापसाची सवय असलेल्या बायका पीळ जास्त देतात आणि लोकरीवाल्या कमी, तुम्ही लोकरीवाल्या आहात म्हणून सांगते, तुम्हाला वाटतं त्यापेक्षा थोडा जास्तच द्या, कारण उलट पीळ देताना आणि धुताना त्यातला बराच उतरतो.

जाडी मोजायला मोजपट्टीवर धागा शेजारी शेजारी गुंडाळा, ओढून नाही, एका इंचात साधारण बारा फेरे बसले तर दुकानातल्या डीके नावाच्या मध्यम जाडीच्या लोकरीच्या आसपास, नऊच्या जवळ बसले तर त्याहून जाड, वर्स्टेड म्हणतात ती. पण हा अंदाज झाला, खरं काय ते चार इंचाचा नमुना सांगतो.

मग लड करायची. खुर्चीच्या पाठीवर गुंडाळली तरी चालते. चार ठिकाणी सुती दोऱ्याने आठच्या आकड्यात बांधा, आणि सैल बांधा. माझ्या पहिल्या रंगवलेल्या सगळ्या लडींवर पांढरे पट्टे राहिले होते कारण मी गाठी करकचून मारल्या होत्या, रंग आत गेलाच नाही. लड कोमट-गरम पाण्यात अर्धा तास बुडवायची, टॉवेलमध्ये दाबायची, हातांत धरून दोन-चार झटके द्यायचे आणि लटकवून वाळवायची. खाली वजन बांधू नका, काही जणी बांधतात, त्याने धागा सरळ दिसतो पण ती तात्पुरती सरळ असते, पहिल्या धुण्यात स्वेटर आटल्यासारखा वाटतो तो त्यामुळेच.

आता रंग. हळदीने तुम्हाला फसवलं नाही, हळद अशीच आहे. धुणं थोडंफार सोसते पण उन्हात टिकत नाही, आणि साबणाच्या पाण्यात तांबूस होते, हळद आणि चुना एकत्र आले की काय होतं ते कुंकवामुळे आपल्याला माहीतच आहे. तुरटी लावूनही ती फारशी सुधारत नाही. बीट, जास्वंद, कोबी यांच्याही मागे लागू नका, पातेल्यात मोहात पाडणारे रंग दिसतात आणि चार दिवसांत करडं उरतं. पळसाची फुलं होळीला छान, स्वेटरला नाही. लोकरीवर भरवशाचे म्हणून मी चारच सांगेन, मंजिष्ठा, म्हणजे एका वेलीची मुळं, लाल-विटकरी, लाख किरमिजी, नीळ, आणि तपकिरीला कात. त्याखालोखाल झेंडू आणि डाळिंबाच्या साली, पिवळ्यासाठी. कांद्याच्या साली सुंदर सोनेरी-तांबूस रंग देतात, फुकट मिळतात, शिकायला उत्तम, पण वर्षानुवर्षं उन्हात वापरायच्या वस्तूला नको.

रंग धरायला लोकरीला आधी तुरटी द्यावी लागते. शंभर ग्रॅम कोरड्या लोकरीला बारा ग्रॅम तुरटी, कुटून गरम पाण्यात पूर्ण विरघळवून घ्यायची. लोकर आधी तासभर साध्या पाण्यात भिजलेली पाहिजे, कोरडी टाकली तर डाग पडतात. मग पातेलं मंद आचेवर चढवायचं, चांगलं गरम करायचं पण उकळी नको, तासभर तसंच ठेवायचं आणि रात्रभर त्याच पाण्यात गार होऊ द्यायचं. पातेलं स्टीलचं, रंगासाठी वेगळं, त्यात पुन्हा वरण शिजवायचं नाही, चमचेही वेगळे. लोखंडी कढई नको, लोखंड उतरलं की सगळे रंग काळवंडतात. तेच मुद्दाम करायचं असेल तर हिराकस, म्हणजे लोखंडाचंच एक रसायन, वापरतात, शंभर ग्रॅमला दोन-तीन ग्रॅम, झेंडूचा पिवळा बघता बघता शेवाळी होतो आणि हिरड्यावर जवळजवळ काळा येतो, पण जास्त झाला की लोकर खरखरीत होते. मोरचूद, म्हणजे तांब्याचं रसायन, जुन्या कृतींमध्ये सापडेल, मी वापरत नाही, ते पाणी ओतायचं कुठे?

दसरा-दिवाळी झाली की तोरणांचा झेंडू गोळा करून पाकळ्या सावलीत वाळवून ठेवा, शेजारपाजारही आनंदाने देतो. लोकरीच्या वजनाएवढ्या सुक्या पाकळ्या, तासभर मंद उकळायच्या, गाळायच्या, त्यात तुरटी दिलेली लड. इतका सोपा आणि इतका खात्रीचा दुसरा पहिला रंग मला माहीत नाही.

मंजिष्ठा मात्र लक्ष मागते. पाणी वाफाळलेलं असावं पण त्यात बुडबुडे नकोत, थर्मामीटर असेल तर सत्तरच्या आसपास, त्यावर गेलं की मंजिष्ठेच्या मुळीतला तपकिरी रंग बाहेर येतो आणि लाल मळतो. पहिल्या अर्ध्या तासात लड फिकट नारिंगी दिसते, मन खट्टू होतं, आच वाढवावीशी वाटते, वाढवू नका. तासाभराने ती भिजल्या विटेसारखी होते, रात्रभर त्यात राहिली की सकाळी पिळताना पाण्यातून जो लाल वर येतो तो बघून मला आजही हात थांबवून बघत राहावंसं वाटतं. बोअरचं जड पाणी एरवी आपण नावं ठेवतो ते मंजिष्ठेला उलट मानवतं, लाल जास्त खुलतो.

नीळ पहिल्या वर्षी करू नका. ती पाण्यात विरघळतच नाही, रंगाच्या पाण्यातला ऑक्सिजन काढून घेतला की विरघळते, तेव्हा पाणी पिवळट-हिरवं दिसतं आणि लड बाहेर काढली की हवेत निळी होते. आपल्याकडे निराळी लोकांचा तो पिढीजात धंदा होता, एवढं ते वेगळं कसब आहे. त्यात चुन्यासारखं क्षारयुक्त काहीतरी लागतंच, ते जास्त झालं की कापसाला काही होत नाही पण लोकर खराब होते. कुणाच्या तरी शेजारी उभं राहून शिका. वर्ध्याच्या मगन संग्रहालयात खादीवर नैसर्गिक रंगांचं काम चालतं, त्या बाजूला जाणं झालं तर नक्की बघून या.

आणि अ‍ॅसिड डाय, म्हणजे लोकरीसाठीचे तयार रासायनिक रंग, वापरायला लाजू नका. नावात अ‍ॅसिड आहे ते फक्त लिंबूसत्व नाहीतर व्हिनेगर. एक ग्रॅम पूड शंभर मिली गरम पाण्यात विरघळवली की ते पाणी शंभर ग्रॅम लोकरीला एका मध्यम छटेसाठी पुरतं, अर्धं घेतलं की फिकट छटा. पूड हाताळताना मास्क लावा. लिंबूसत्व घालून पाणी तापवत ठेवलं की अर्ध्या-पाऊण तासात सगळा रंग लोकर पिऊन टाकते आणि पातेल्यात स्वच्छ पाणी उरतं. पातेलं, आच, लड हलवण्याची सवय यावर पटकन येते. फक्त हे लोकर आणि रेशमासाठी, सुती धाग्यावर चालत नाही.

लोकर आटते ती नुसत्या उष्णतेने नाही, गरमातून एकदम गार पाण्यात गेल्याने आणि ढवळण्याने आटते. म्हणून कुठलाही रंग असो, लड पातेल्यातच गार होऊ द्या, ढवळू नका, दोन काठ्यांनी उचलून फिरवा.

टिकतो का हे बघायला पुठ्ठ्याच्या पट्टीवर रंगवलेला धागा गुंडाळा, अर्धा भाग काळ्या कागदाने झाका आणि दक्षिणेच्या खिडकीत महिनाभर ठेवा. कागद काढल्यावर जी रेघ दिसेल किंवा दिसणार नाही, त्यावर ठरवा त्या रंगाचा स्वेटर करायचा की नाही.

स्वेटरला चार-पाचशे ग्रॅम लागेल, म्हणजे टकळीवर रोज तासभर बसलात तरी तीनेक महिने. आधी शंभर ग्रॅमची टोपी करा. आणि स्वेटरचं सगळं कातून झाल्यावरच एकत्र रंगवा, एका पातेल्यात मावलं नाही तर दोन घाण्यांत थोडाफार फरक येणारच, तेव्हा दोन गुंडे घेऊन दोन-दोन ओळी आलटून पालटून विणा, दुकानातल्या लोकरीचा लॉट बदलला की करता तसंच. मंजिष्ठा काष्ठौषधींच्या दुकानात मिळते, पूड न घेता काड्या घ्या, पुडीत काय काय मिसळलंय ते कळत नाही. घरी कुटून शंभर ग्रॅम लोकरीला तेवढीच मंजिष्ठा मलमलच्या पुरचुंडीत बांधायची आणि आदल्या रात्री भिजत घालायची, सुटी टाकलीत तर तिचे बारीक कण लडीतून वेचता वेचता आठवडा जातो.